वारा गोळीला किती हलवतो?

सोलापुरात नेमबाजी शिकणारी बहुतेक मुलं १० मीटर एअर रायफलपासून सुरुवात करतात. चार भिंती, वर छप्पर, ट्यूबलाइटचा उजेड, पंखासुद्धा बंद. तिथे नेम चुकला तर चूक आपलीच. श्वास, ट्रिगर, पवित्रा, यापलीकडे शोधायला काही नसतं. मग त्यांतलीच एखादी मुलगी ५० मीटरच्या उघड्या रेंजवर जाते, पॉइंट टू-टू (०.२२ इंच नळीची) रायफल हातात घेते, सगळं शिकवल्याप्रमाणे करते, आणि गोळी एकदा नऊवर, एकदा आठवर, मग अचानक पुन्हा दहावर. घरी आल्यावर वडील विचारतात, "रायफल बदलायची का?" रायफल बदलून काहीही होणार नाही. तिला आता वारा शिकायचा आहे.

लांबच्या नेमबाजीत गोळीवर बऱ्याच गोष्टींचा परिणाम होतो. वारा, हवेची घनता, गोळीची स्वतःची गिरकी, अगदी पृथ्वीचं फिरणंसुद्धा. मुलं यूट्यूबवर हे सगळं एका दमात ऐकतात आणि त्यांना वाटतं, सगळंच सारखं महत्त्वाचं. मला ते मान्य नाही. जे प्रत्येक गोळीला तेवढंच राहतं ते साइट (रायफलीवरचं नेम धरायचं साधन) झिरो करताना, म्हणजे गोळी नेमाच्या जागीच लागेल अशी जुळवताना, आपोआप वजा होऊन जातं, त्यावर रात्र जागवायची गरज नाही. डोकं लावायचं ते दोन गोळ्यांच्या मध्ये बदलणाऱ्या गोष्टीवर. सोलापूरच्या उघड्या माळावर ती गोष्ट म्हणजे वारा.

किती फरक पडतो ते आधी आकड्यांत बघू. ५० मीटर रायफलच्या टार्गेटवर दहाचं रिंगण अवघं १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं आणि पुढचं प्रत्येक रिंगण ८ मिलिमीटरने बाहेर सरकतं. फायनलमध्ये गुण दशांशात मोजतात. ऐन मध्यावरच्या गोळीला १०.९, आणि तिथून दर ०.८ मिलिमीटरला ०.१ गुण कमी. आता सेकंदाला ३ मीटर, म्हणजे ताशी साधारण ११ किलोमीटरचा वारा नेमका बाजूने आला, तर पॉइंट टू-टूची मॅच गोळी, म्हणजे स्पर्धेची गोळी, ५० मीटरवर दीड सेंटीमीटरच्या आसपास सरकते. नेम दहाच्या मध्यावर, पवित्रा पक्का, ट्रिगर सुरेख, आणि हाती गुण ९.१! आणि ३ मीटरचा वारा म्हणजे काही वादळ नव्हे. चेहऱ्याला जाणवतो, कडुलिंबाची पानं सळसळतात, इतकाच. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून) ब्राँझ मिळवलं ते ४५१.४ गुणांवर. त्या पायरीवर दशांश चिन्हानंतरचा आकडाही लढून मिळवावा लागतो.

सरकवतो तो हवेचा रोध

बहुतेकांच्या डोक्यात चित्र असं असतं की वारा गोळीच्या कुशीवर धडकतो आणि तिला बाजूला लोटतो. तसं असतं तर हिशेब सोपा होता. गोळी हवेत जितका वेळ राहील तितका वेळ वाऱ्याबरोबर वाहत जाईल. ५० मीटर जायला तिला जवळपास ०.१६ सेकंद लागतात. ३ मीटरच्या वाऱ्यात तेवढ्या वेळात ती अर्ध्या मीटरच्या आसपास सरकायला हवी. प्रत्यक्षात सरकते दीड सेंटीमीटर, म्हणजे सुमारे तीसपट कमी. याचं कारण समजलं की पुढचं बरंचसं आपोआप उलगडतं.

होटगी रोडवरून मोटारसायकल चालवताना वारा बाजूने वाहत असला, तरी अंगावर तो तिरका, समोरून आल्यासारखा लागतो. वेग वाढवाल तसा तो आणखी समोरून येतो. गोळीचंही तेच. सेकंदाला ३२५ मीटर वेगाने निघालेल्या गोळीला ३ मीटरचा बाजूचा वारा समोरच्या रेषेपासून जेमतेम अर्धा अंश कलून भेटतो. गिरकी घेणारी गोळी नळीतून सुटल्याबरोबर आपलं नाक त्या दिशेला वळवते आणि वाऱ्याकडे किंचित तोंड करून उडू लागते. आता हवेचा रोध तिला शेपटीच्या दिशेने मागे खेचतो, आणि शेपटी वारा जिकडे चालला आहे त्या अंगाला थोडीशी कललेली असते. त्या तिरप्या ओढीचा लहानसा भाग गोळीला बाजूला नेतो. वारा फक्त रोधाची दिशा वाकडी करतो, प्रत्यक्ष सरकवण्याचं काम रोधाचं.

यातून एक सुरेख नियम निघतो. एकोणिसाव्या शतकातल्या दिदियाँ या फ्रेंच तोफखाना अधिकाऱ्याच्या नावाने तो ओळखला जातो. गोळी किती सरकेल? बाजूच्या वाऱ्याचा वेग गुणिले उशीर. हवाच नसती तर गोळीला जेवढा वेळ लागला असता आणि हवेतून जाताना खरोखर जेवढा लागतो, यांतला फरक म्हणजे उशीर. ३२५ च्या वेगाने ५० मीटर निर्वात पोकळीतून जायला ०.१५४ सेकंद पुरले असते. हवेतून लागतात सुमारे ०.१५९. उशीर झाला एका सेकंदाच्या हजारातले ५ भाग. ३ गुणिले ०.००५ बरोबर ०.०१५ मीटर, म्हणजे दीड सेंटीमीटर. वही-पेन घेऊन मुलांनी हे एकदा स्वतः करून बघावं. आठवीच्या गणितापलीकडचं यात काही नाही.

हा नियम डोक्यात बसला की एक गोष्ट कळते, जी ऐकून जुने शिकारी लोकही मान हलवतात: जास्त वेगाची पॉइंट टू-टू गोळी वाऱ्यात कमी नाही, जास्त सरकते. सेकंदाला ३८० मीटरच्या आसपास वेगाने सुटणारी हाय व्हेलॉसिटी गोळी ५० मीटरवर मॅच गोळीच्या जवळपास दीडपट सरकते. आवाजाच्या वेगाच्या आसपास आणि त्याच्या थोडं वर हवेचा रोध एकदम वाढतो. गोळी लवकर पोचते खरी, पण हवा नसती तर ती त्याहून कितीतरी लवकर पोचली असती. उशीर वाढला, सरकणं वाढलं. म्हणून स्पर्धेची काडतुसं मुद्दाम आवाजाच्या वेगाखाली ठेवलेली असतात. दुकानात "जास्त पॉवरचं" काडतूस दाखवलं म्हणून पालकांनी भुलू नये.

अंतर वाढलं की उशीर अंतराच्या कितीतरी पुढे धावतो. मोठ्या ७.६२ मिलिमीटर रायफलची मॅच गोळी त्याच ३ मीटरच्या वाऱ्यात ३०० मीटरवर १३ ते १४ सेंटीमीटर सरकते. १००० यार्डांवर, म्हणजे ९१४ मीटरवर, तीच गोळी दीड ते पावणेदोन मीटर जाते. अंतर तिप्पट, सरकणं बारापट. वाटेत गोळी मंदावत जाते आणि उशीर साचत जातो.

कुठून येतो, तेही तितकंच महत्त्वाचं

नेमबाज वाऱ्याची दिशा घड्याळात सांगतात. टार्गेट १२ वर, आपली पाठ ६ कडे, उजवा हात ३ वर, डावा ९ वर. ३ किंवा ९ वरून येणारा वारा पूर्ण मोजायचा. १ वरून आला तर निम्मा. दीडवरून, म्हणजे बरोबर कोपऱ्यातून आला तर सुमारे ७० टक्के. दोनवरून आला तर ८७ टक्के, म्हणजे जवळजवळ पूर्णच. समोरून किंवा पाठीमागून आला तर बाजूला सरकणं शून्य.

इथे सगळे फसतात. मुलांना वाटतं बाजूचा जोरदार वारा वाईट आणि पाठीमागचा वारा बरा. पण वारा ३ वर असताना त्याची दिशा १५ अंश हलली, तर परिणाम जेमतेम साडेतीन टक्क्यांनी बदलतो. तोच वारा ६ वर असताना १५ अंश हलला, तर शून्यावरून एकदम २६ टक्क्यांवर जातो. पुढच्याच क्षणी दुसऱ्या बाजूला १५ अंश हलला की २६ टक्के उलट्या अंगाला. म्हणजे पाठीमागून येणारा, माशाच्या शेपटीसारखा डावी-उजवीकडे हलणारा वारा गोळ्या दोन्ही बाजूंना फेकत राहतो. नेमबाज त्याला फिशटेल म्हणतात. बाजूने एका लयीत वाहणारा जोरदार वारा मी कधीही पत्करेन. साइट त्याच्यासाठी हलवता येते. फिशटेलमध्ये साइट हलवाल तितकं फसाल.

डोळ्यांनी वारा मोजायचा

आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे ५० मीटरच्या रेंजवर नेमबाजापासून १० आणि ३० मीटरवर वाऱ्याच्या पट्ट्या लावतात, ५० बाय ४०० मिलिमीटरच्या, सुती कापडाच्या. ३०० मीटरला त्या ५०, १०० आणि २०० मीटरवर असतात आणि आकाराने मोठ्या. सुती कापडाचं वजन चौरस मीटरला १५० ग्रॅमच्या आसपास असावं लागतं. सोलापूरकरांना कापडाचं वजन वेगळं समजावायला नको. आपल्याकडचा टर्किश टॉवेल याच्या दुपटीहून जड असतो, चादरही जडच. टॉवेलची पट्टी कापून बांधली तर हलका वारा आहे हेच कळणार नाही, ती आपली खाली लोंबत राहील. अस्तराचं पातळ सुती कापड घ्यावं, कडेला शिवण न घालता.

दोन पट्ट्यांपैकी जवळच्या पट्टीला जास्त मान द्यायचा. हे उलटं वाटतं, कारण सगळ्यांची नजर टार्गेटकडे असते. पण सुरुवातीला गोळीला बाजूचा जो थोडासा वेग मिळतो तो ती पुढचा सगळा प्रवास सोबत घेऊन जाते. टार्गेटजवळ मिळालेल्या वेगाला काम करायला अंतरच उरत नाही. ५० मीटरवर एकूण सरकण्यातला ढोबळमानाने तीन चतुर्थांश भाग पहिल्या अर्ध्या अंतरातल्या वाऱ्याचा असतो. १००० यार्डांवर आणखी एक भानगड होते. गोळीची वाट मध्ये नेमाच्या रेषेपासून चारेक मीटर वर जाते, आणि जमिनीपासून जितकं वर तितका वारा जोरात. संक्रांतीला, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत पतंग उडवणाऱ्या पोरांना हे ठाऊकच असतं. गच्चीवर वारा नसतो, पण पतंग चार वाव वर गेला की मांजा हाताला ओढ देतो.

पट्ट्यांइतकंच उपयोगी आहे मृगजळ. नेमबाज त्याला मिराज म्हणतात. एप्रिल-मे महिन्यात सोलापूरला ते वाटेल तितकं मिळतं. तापलेल्या जमिनीवरून वर चढणारी हवा दुर्बिणीतून लाटांसारखी दिसते आणि त्या लाटा वाऱ्याबरोबर वाहतात. दुर्बीण टार्गेटवर नीट फोकस करून मग फोकस थोडा अलीकडे आणायचा, म्हणजे मधल्या हवेतलं मिराज स्पष्ट होतं. लाटा तिरप्या वाहत असतील तर वारा हलका. जवळजवळ आडव्या पडल्या तर सेकंदाला ४-५ मीटरचा. त्याहून जोर वाढला की मिराज पुसून जातं आणि पुन्हा पट्टीकडे वळावं लागतं. लाटा सरळ वर उकळल्यासारख्या दिसल्या तर एक तर वारा पडला आहे किंवा तो आपल्या रेषेतूनच येतो आहे. उकळतं मिराज दिसत असताना ट्रिगर दाबू नये, असं मी मुलांना बजावतो. त्या क्षणी वारा बहुधा बाजू बदलत असतो.

सोलापूरच्या वाऱ्याचा स्वभावही ओळखून घ्यावा. उन्हाळ्यात पहाटे हवा शांत असते. दहाच्या पुढे काळी जमीन तापली की हवेचे गोळे वर उठायला लागतात, त्यांची जागा घ्यायला आजूबाजूची हवा धावते, आणि वारा झुळकांनी, कधी इकडून कधी तिकडून येतो. दुपारी माळावर वावटळी फिरताना दिसतात ते याचंच टोक. आषाढात मात्र पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून दिवसभर जोरदार पण बऱ्यापैकी एका दिशेचा वारा असतो. शिकायला हा आषाढातला वारा चांगला, कसोटी बघायला मे महिन्यातली दुपार. पट्टी नसली तरी खुणा असतात. पानं सळसळली तर वारा सेकंदाला २-३ मीटर, बारीक फांद्या सतत हलायला लागल्या तर ४-५, धूळ आणि कागद उडायला लागले तर ६ च्या पुढे.

बाजूचा वारा वर-खालीही नेतो

एकीने मला विचारलं, "सर, उजवीकडनं वारं आलं तर गोळी डावीकडं जाणार, येवढंच ना?"

"डावीकडं, आणि थोडी वर."

"वर कशानं जाईल ओ सर?"

तिचा प्रश्न रास्त होता. नळीच्या आत पीळदार खाचा असतात, त्यांतून गोळीला गिरकी मिळते. बहुतेक रायफलींची गिरकी उजवीकडे, मागून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. गिरकी घेणाऱ्या वस्तूला एका दिशेने वळवायला गेलं की ती त्या दिशेला काटकोनात प्रतिसाद देते. गोळी नळीतून निघताच वाऱ्याकडे नाक वळवते, त्या गडबडीत तिला वर किंवा खाली एक छोटा झटका बसतो. उजव्या पिळाच्या रायफलीत उजवीकडचा वारा गोळीला वर नेतो, डावीकडचा खाली. म्हणून वारा बदलत असताना मारलेल्या गोळ्या टार्गेटवर आडव्या रेषेत पसरत नाहीत. त्यांची रेष तिरकी असते, घड्याळातल्या १० पासून ४ पर्यंत. अशी तिरकी पसरण दिसली की मुलं श्वास चुकला म्हणून स्वतःला दोष देतात. आधी वारा तपासावा. साइट हलवतानाही हे लक्षात ठेवावं. बाजूला जितके क्लिक (साइटची चकती फिरवताना पडणारे टप्पे), त्यांच्या सोबतीने वर किंवा खाली थोडे. नेमके किती, ते ज्याने त्याने आपल्या रायफलीवर आणि आपल्या काडतुसावर लिहून काढावं.

ऊन, उंची आणि दमट हवा

रोध हवेच्या घनतेवर अवलंबून, आणि सरकणं रोधावर. त्यामुळे हवा विरळ झाली की वाऱ्याचाही परिणाम कमी होतो. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचीवर आहे. मे महिन्यात पारा ४२ अंशांवर गेला की इथली एक घनमीटर हवा सुमारे १.०६ किलो भरते. डिसेंबरच्या सकाळी १४ अंशांना तीच १.१७ किलोच्या जवळ जाते. फरक नऊ-दहा टक्क्यांचा. ५० मीटरवर दीड सेंटीमीटर सरकण्यातला तो सव्वा-दीड मिलिमीटर, म्हणजे फार तर दोन दशांश गुण. १००० यार्डांवर मात्र याच फरकाने गोळी साधारण अर्धा मीटर वर लागते, कारण रोध कमी झाला की ती वाटेत कमी खाली येते. थंडीत केलेला झिरो उन्हाळ्यात तसाच वापरू नये, तो यासाठी.

दमट हवा जड असते असं बहुतेकांना वाटतं. शास्त्र उलटं सांगतं. पाण्याच्या वाफेचे रेणू हवेतल्या नायट्रोजन-ऑक्सिजनपेक्षा हलके, त्यामुळे दमट हवा किंचित हलकीच. फरक एक टक्क्याच्या आतबाहेर. तो सोडून द्यावा.

काडतुसाचं तापमान मात्र सोडू नये. दारू तापली की ती जास्त जोराने जळते आणि गोळीचा सुरुवातीचा वेग वाढतो. काडतुसांचा डबा उन्हात उघडा ठेवणं ही आपल्याकडची नेहमीची चूक आहे. पॉइंट टू-टू गोळीवर मेणासारख्या वंगणाचा पातळ थर असतो, तोही उन्हाने विरघळून डब्यात उतरतो. डबा सावलीत, कापडाखाली ठेवावा. वारा पडायची वाट बघताना काडतूस तापलेल्या चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या, काडतूस बसतं त्या भागात) बराच वेळ राहिलं असेल, तर ती पुढची गोळी जरा वर लागू शकते, हेही मनात असू द्यावं.

पृथ्वीचं फिरणं आणि बाकीचे छोटे परिणाम

इथे मुलांचे डोळे चमकतात, म्हणून थोडं सांगतो. गिरकीमुळे गोळीचं नाक प्रवासभर किंचित उजवीकडे राहतं आणि ती हळूहळू उजवीकडे वाहते. ७.६२ च्या मॅच गोळीला ३०० मीटरवर हा फरक दोनेक सेंटीमीटर, १००० यार्डांवर २०-२५ सेंटीमीटर. पृथ्वीच्या फिरण्याने उत्तर गोलार्धात गोळी उजवीकडे सरकल्यासारखी दिसते, आणि किती ते अक्षांशावर ठरतं. सोलापूर १७.७ अंश उत्तरेला आहे. इथे १००० यार्डांवर हा फरक साडेतीन सेंटीमीटरच्या आसपास येईल. इंग्लंडमधल्या बिस्ले रेंजवर, ५१ अंशांवर, तोच नऊ सेंटीमीटरच्या आसपास. बिस्लेचं नाव घेतलं कारण तिथे आजही कोलापोर कप नावाची स्पर्धा होते. कोल्हापूरच्या महाराजांनी दिलेल्या करंडकासाठी १८७१ पासून चालत आलेली, ३००, ५०० आणि ६०० यार्डांवरची.

वर-खालचा परिणाम याच्या उलट वागतो. पूर्वेकडे मारलेली गोळी किंचित वर लागते, पश्चिमेकडे मारलेली किंचित खाली, आणि विषुववृत्ताकडे जाऊ तसा हा परिणाम वाढतो. सोलापूरच्या अक्षांशावर १००० यार्डांना तो सुमारे ११ सेंटीमीटर. बिस्लेला सात. ५० मीटरवर अर्धा मिलिमीटर.

आता महत्त्वाचं. रेंज एका जागी पक्की बांधलेली असते आणि तिची दिशा बदलत नाही. पृथ्वीचा वेग बदलत नाही, नळीचा पीळही तोच राहतो. हे सगळे परिणाम पहिल्या गोळीला जितके, साठाव्या गोळीला तितकेच. त्याच रेंजवर, त्याच अंतरावर झिरो केलं की ते साइटमध्ये बसून जातात. नेमबाजाला दिसतही नाहीत.

त्याऐवजी रायफल वाकडी धरण्याकडे बघा. १००० यार्डांवर गोळी दहाएक मीटर पडते आणि तेवढी भरपाई साइटने वरच्या बाजूला दिलेली असते. रायफल एक अंश जरी कलली, तर त्या दहा मीटरमधले सतरा-अठरा सेंटीमीटर बाजूला जातात. सोलापूरच्या अक्षांशावर पृथ्वीच्या फिरण्याने गोळी बाजूला जितकी सरकेल, त्याच्या पाचपट. आणि कल दर गोळीला वेगळा असू शकतो. थोडा कल असला तरी चालतो, तो प्रत्येक वेळी तेवढाच असला पाहिजे.

क्लिक, बाजूला नेम, की थांबायचं?

वारा वाचता आला की करायचं काय, याला तीन उत्तरं आहेत. वारा एका लयीत असेल तर साइटला क्लिक देऊन टाकावेत. छोटा बदल असेल तर क्लिक न देता नेम किंचित बाजूला धरावा, हे जमायला वर्षं लागतात. आणि वारा उलटसुलट असेल तर रायफल खांद्यावरून खाली घ्यावी. थ्री पोझिशनच्या पात्रता फेरीत ६० गोळ्यांना ९० मिनिटं मिळतात. पवित्रा बदलण्याचा वेळ धरूनही थांबायला जागा उरते. पण मुलं ती वापरत नाहीत, कारण शेजारच्या लेनवर गोळ्या चाललेल्या ऐकू येतात आणि आपण मागे पडलो असं वाटतं.

मी शिकवतो ते असं. सुरुवातीच्या साइटर (गुणांत न धरल्या जाणाऱ्या) गोळ्यांमध्ये त्या दिवशी सगळ्यात जास्त वेळ टिकणारी वाऱ्याची अवस्था कोणती ते शोधायचं, तिच्यावर साइट बसवायची, आणि पट्टी पुन्हा त्या अवस्थेत आली की मगच गोळी सोडायची. पट्टी खाली लोंबली म्हणजे वारा गेला, मारून टाकू, हा मोह टाळावा. साइट वाऱ्यासाठी बसवली असेल, तर वारा नसणं हाही बदलच, आणि गोळी उलट्या अंगाला जाते.

हे सगळं रायफलीशिवाय शिकता येतं, आणि सोलापुरातल्या मुलांनी ते तसंच शिकावं असं मला मनापासून वाटतं. पुण्याला बालेवाडीच्या रेंजवर जाऊन ५० मीटरचा सराव रोज करणं कुणालाच परवडत नाही. दोन बांबू घ्यावेत, पातळ सुती पट्ट्या बांधाव्यात, मोकळ्या मैदानात १० आणि ३० मीटरवर रोवाव्यात. मागे चटईवर पालथं पडून अर्धा तास फक्त बघावं. दर मिनिटाला वहीत तीन गोष्टी लिहाव्यात: घड्याळातली दिशा, पट्टी किती उचलली आहे, आणि दोन्ही पट्ट्या एकच सांगतात की वेगवेगळं. हातात मावणारा वारामापक मिळाला तर आधी अंदाज लिहून मग त्यावर बघावं, उलटं नको. आठवड्याभरात लक्षात येतं की झुळका एका ठरावीक अंतराने परत येतात आणि दोन झुळकांच्या मधली शांतता किती टिकते.

मैदानात मात्र रायफल न्यायची नाही. पॉइंट टू-टूची गोळी लहान दिसते, पण मोकळ्या हवेत ती दीड किलोमीटरहून पुढे जाऊ शकते. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे या रायफलीला परवाना लागतो, आणि ती चालवायची जागा म्हणजे मागे मातीचा बांध असलेली मान्यताप्राप्त रेंज.

बालेवाडीला जायचा दिवस आला की तीच वही सोबत न्यावी. पहिल्या पानावर रायफल, काडतुसाचा लॉट नंबर, तापमान आणि झिरो. पुढच्या प्रत्येक पानावर टार्गेटचं छोटं चित्र काढून त्यात गोळी कुठे लागली ते टिंब, आणि शेजारी गोळी सुटली त्या क्षणी जवळची पट्टी कशी होती याची रेघ. दोन-तीन सराव झाले की वहीतूनच कळतं, आपल्या रायफलीत, आपल्या काडतुसाला, अर्धी उचललेली पट्टी म्हणजे किती क्लिक. हा आकडा प्रत्येकीचा वेगळा निघतो, म्हणून दुसऱ्याच्या वहीतून तो उतरवून घेऊ नये.